"नैसर्गिक आहे, गोळ्यांसोबतही चालतं": त्या संदेशाला उत्तर

चिंता, उदासी आणि झोप न लागणं यांवरचा एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वनस्पतींची औषधं नैसर्गिक असल्यानं त्यांचा अपाय नाही, हजारो वर्षांचा अनुभव हाच पुरावा, चालू गोळ्यांसोबत ती बिनधास्त घ्या आणि 21 दिवसांत गोळ्या कायमच्या बंद करा. पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला काहीतरी सुचवावंसं कुणालाही वाटेल. पण हा सल्ला ज्यांच्या हाती पडतो ती माणसं आधीच थकलेली असतात. त्यांच्यासाठी तरी तो नीट तपासायला हवा.

"नैसर्गिक, म्हणून निर्धोक." धोतराही नैसर्गिकच आहे. सर्पगंधेच्या मुळांतून 1952 मध्ये रेझर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाबावर आणि मनोविकारांवर ते वापरात आलं, आणि घेणाऱ्यांपैकी काहींना तीव्र उदासीनं ग्रासल्याच्या नोंदी त्याच दशकात झाल्या. दोष औषधाचाच होता का, यावर पुढे वाद झाला. पण मनावर काम करणारी मुळी म्हणजे साधा पाला नव्हे, हे तेव्हाच कळून चुकलं. कावा ही पॅसिफिक बेटांवरची वनस्पती. चिंतेवर तिचा उपयोग काही चाचण्यांत दिसला, पण यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे 2002 मध्ये जर्मनीनं तिची औषधं बाजारातून काढली. अश्वगंधेनंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणंही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशा घटना विरळ असतात, हे खरं. पण 'अपाय नाही' आणि 'अपाय विरळ' या दोन गोष्टी एक नव्हेत.

"हजारो वर्षांचा अनुभव." परंपरेचं ऋण मी नाकारत नाही, शोध कुठे घ्यायचा हे तिनंच अनेकदा दाखवलं. मात्र किती जण औषधानं बरे झाले आणि किती जण तसेही सावरले असते, हा हिशेब तिच्याजवळ नसतो, आणि उदासी कित्येकदा काही महिन्यांत आपोआप ओसरते. शिवाय आजच्या डबीत जे असतं ते जुन्या ग्रंथातलंच असतं असं नाही. बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

आणि हजारो वर्षांपूर्वी गर्भनिरोधक गोळ्या नव्हत्या, रक्त पातळ ठेवणारी औषधं नव्हती, अवयव प्रत्यारोपण नव्हतं. त्यामुळे "गोळ्यांसोबत बिनधास्त घ्या" या ओळीला परंपरेचाही आधार नाही. संपूर्ण संदेशात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच ओळीची.

सेंट जॉन्स वर्ट या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचं उदाहरण घेऊ. नैराश्यावर सर्वांत जास्त पुरावा असलेली ही वनस्पती. 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) 29 चाचण्या आणि 5,489 रुग्ण होते. त्यात ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस आणि नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीची ठरली, दुष्परिणामही कमी दिसले. जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत मात्र फायदा जास्त आढळला होता, आणि 2002 च्या 340 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत ती प्लासिबोच्या पुढे गेली नाही. (त्याच चाचणीत सर्ट्रालिन ही नेहमीची गोळीही गेली नाही.) तरी तिच्यात गुण आहे, हे मी मानतो. आणि गुण आहे तिथे मात्रा आणि इतर औषधांशी मेळ हे प्रश्न आलेच. तिच्यातलं हायपरफोरिन हे द्रव्य यकृतातली औषधं विघटित करणारी एन्झाइम वाढवतं. मग शेजारची गोळी वेळेआधीच शरीराबाहेर पडते. 2000 मध्ये निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात एचआयव्हीवरच्या इंडिनाविरचा रक्तातला एकूण प्रभाव सरासरी 57 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्याच वर्षी दोन हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची हकिकत छापून आली: नवा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिनही याच तावडीत सापडतात. नैराश्याच्या गोळ्यांसोबत धोका उलट दिशेचा: मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन अति वाढून घाम, थरथर, ताप, गोंधळ, आणि वेळीच न कळल्यास जिवावर बेतणारी अवस्था. द्विध्रुवी विकार (उदासी आणि उन्माद आलटून पालटून येणारा आजार) असलेल्यांमध्ये ही वनस्पती उन्मादाचा झटका आणू शकते.

"गोळ्यांची सवय लागते, 21 दिवसांत सोडा." यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची सवय खरोखर लागते. पण त्या एकदम बंद केल्या तर आकडी येऊ शकते. नैराश्याच्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, तरी अचानक थांबवल्यास चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, बेचैनी, उडालेली झोप असं काहीही होतं, आणि माणसाला वाटतं आजार पुन्हा उलटला. बरं वाटू लागल्यावरही गोळी साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. ज्याच्या मनात जीव संपवण्याचे विचार येत आहेत त्याला एकवीस दिवसांची मुदत देणारा संदेश पाठवू नका. त्याच्यापाशी बसा आणि आजच त्याला डॉक्टरांकडे न्या.

झोपेसाठी व्हॅलेरियन या वनस्पतीचं नाव फार घेतलं जातं, पण निद्रानाशासाठी ती वापरू नये असंच 2017 मध्ये अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीनं सुचवलं. पुरावा फार बळकट नाही हेही त्यांनी मान्य केलं. लॅव्हेंडर तेलाच्या 80 मिलिग्रॅम कॅप्सूलचे चिंतेवरचे निष्कर्ष आशादायक आहेत. त्यांतले बरेच अभ्यास मात्र उत्पादकाच्या पैशानं झालेत. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून ज्याची शिफारस होते ती एक वर्तनोपचार पद्धत आहे: रोज ठरलेल्या वेळीच उठायचं, अंथरुणात प्रत्यक्ष झोपेइतकाच वेळ घालवायचा, झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. पहिले काही दिवस हे फार जड जातं.

कुणाला काढा किंवा कॅप्सूल घ्यायचीच असेल तर माझा आग्रह एवढाच की डॉक्टरांपासून ती लपवू नका. ते 'कोणत्या गोळ्या चालू आहेत' असं विचारतात, काढा आपल्या लेखी गोळी नसतो, आणि तो सांगायचा राहून जातो. शस्त्रक्रियेच्या आधी तर तो राहताच कामा नये. डबीच सोबत न्या. तिच्यावरचं नाव आणि मात्रा वाचून औषधविक्रेताही मेळ तपासू शकतो.