मार्लो डेप्टफर्डलाच मेला

एलिझाबेथ राणीच्या काळातील लंडनवर बेतलेल्या अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबऱ्या मी वर्षानुवर्षे आवडीने वाचत आलो आहे. दरबारातली कारस्थाने, हेर, किमयागार आणि नाटकमंडळ्या एकत्र आल्या की तिथे ख्रिस्तोफर मार्लो हमखास येतो, कारण सैतानाला आत्मा विकणारा फॉस्टस रंगभूमीवर आणणारा हा नाटककार अशा कथेचा नायक म्हणून शोभून दिसतो. कादंबरीत तो मरणातून वाचला तर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती इतिहास म्हणून फिरणाऱ्या एका दाव्याबद्दल: ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेप्टफर्डला मार्लो मेलाच नाही, हेरखात्यातील मित्रांनी त्याला परदेशी पळवले आणि शेक्सपिअरच्या नावावरची नाटके त्यानेच लिहिली. ही कल्पना विल्बर झिगलर या अमेरिकी वकिलाने १८९५ साली मांडली ती कादंबरीतच, हे मात्र दावा पुढे पाठवणारे सांगत नाहीत.

त्यांचा पहिला मुद्दा असा की डेप्टफर्डला ज्या खोलीत इन्ग्रम फ्रायझरने मार्लोला भोसकल्याची नोंद आहे, तिथे त्याच्याबरोबर असलेली माणसे संशयास्पद होती. ते खरेच आहे. रॉबर्ट पोली सरकारी हेर होता, इन्ग्रम फ्रायझर आणि निकोलस स्कीअर्स लोकांना लुबाडण्यात मुरलेले होते, आणि नास्तिकपणाच्या आरोपांमुळे मार्लोला प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळासमोर, रोज हजेरी लावण्याचा हुकूम होता. पण एवढ्यावरून संशय घ्यायचाच तर तो खुनाचा घ्यावा लागतो, पलायनाचा नव्हे.

दुसरा मुद्दा प्रेताचा. आदल्या दिवशी फाशी दिलेल्या जॉन पेन्री या धर्मप्रचारकाचे प्रेत मार्लोचे म्हणून दाखवले, असे सांगितले जाते. राजघराण्याचा कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, विल्यम डॅनबी याने १ जूनला केलेल्या चौकशीचा कागद १९२५ साली लेस्ली हॉटसन यांनी उजेडात आणला. उजव्या डोळ्याच्या वर दोन इंच खोल आणि एक इंच रुंद जखम, ती करणारा बारा पेन्स किमतीचा खंजीर, आणि प्रेत पाहून निवाडा देणारे सोळा पंच, इतका तपशील त्यात आहे. या सोळांपैकी कोणी मार्लोला ओळखत होते की नाही, हा वाद घालता येईल. पण फासावर लटकलेल्या माणसाच्या गळ्यावरचा वळ सोळाही जणांच्या नजरेतून सुटला, हे मानायला मी तयार नाही. फ्रायझरला महिन्याभरात मिळालेल्या माफीचे फारसे गूढ नाही: स्वसंरक्षणार्थ मारल्याचा निवाडा झाला की राजमाफी मिळणे हा त्या काळचा नेहमीचा रिवाज होता.

सर्वांत जास्त भुरळ पाडणारा मुद्दा तारखांचा आहे. शेक्सपिअरचे छापील नाव प्रथम दिसते ते ‘व्हीनस अँड अडोनिस’ या काव्यात, मार्लोच्या मृत्यूनंतर जेमतेम दोन आठवड्यांत, म्हणून नाव बदलून तोच पुढे आला, असा हा तर्क. प्रत्यक्षात या काव्याची प्रकाशन-नोंद १८ एप्रिल १५९३ची आहे, म्हणजे मार्लोला पकडण्याचा हुकूम निघण्याच्याही एक महिना आधीची. नोंद करणारा मुद्रक रिचर्ड फील्ड शेक्सपिअरच्याच स्ट्रॅटफर्ड गावचा होता. त्याहून मोलाचा पुरावा १५९२चा आहे. रॉबर्ट ग्रीन या नाटककाराच्या नावाने मरणोत्तर छापलेल्या पुस्तिकेत, नाटके लिहू लागलेल्या एका नटाला ‘उपरा कावळा’ म्हणून हिणवले आहे, त्याच्या आडनावावर कोटी केली आहे आणि शेक्सपिअरच्या ‘सहाव्या हेन्री’ नाटकातील एक ओळ मोडूनतोडून त्याच्याच अंगावर फेकली आहे. त्याच मजकुरात, नाव न घेता पण ओळखू येईल असा, मार्लोलाही वेगळा उपदेश केलेला आहे. एकाच पुस्तिकेत दोघे दोन माणसे म्हणून उभे आहेत, आणि तेव्हा मार्लो जिवंत होता.

राहता राहिला शैलीतील साम्याचा मुद्दा. साम्य आहेच, दोघेही १५६४ सालचे आणि शेक्सपिअर मार्लोकडून उघडपणे शिकला. ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये प्रेमात पडलेली फीबी ‘मृत मेंढपाळा’ला, म्हणजे मार्लोला, उद्देशून म्हणते की तुझ्या वचनाची ताकद मला आत्ता कळली, आणि मार्लोच्या ‘हिरो अँड लिअँडर’मधली ओळ जशीच्या तशी उच्चारते: पहिल्या नजरेतच जो प्रेमात पडला नाही, त्याने प्रेम केले तरी कधी?