उल्कांचं कोटेशन

आमच्या कॉलेजच्या फीच्या पावतीवर सतरा ओळी आहेत. शिक्षण शुल्क समजतं, प्रयोगशाळा शुल्क समजतं. वार्षिकांकाचे पैसे मी दोन वर्षं भरतोय, पण अंक कसा दिसतो ते मला माहीत नाही. शेवटून तिसरी ओळ ‘विद्यार्थी संघ निधी’. ती माझ्या नजरेला पडली ऑक्टोबर २०२३मध्ये, घरी जाताना एस.टी.त. शेजारच्या काकांनी सोयाबीनचं चुंगडं माझ्या पायांवर टेकवलं होतं, हलता येत नव्हतं, म्हणून खिशातली पावती काढून वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की संघाचा पैसा म्हणजे आपलाच पैसा, आणि तो मागता येतो. काकांनी ते चुंगडं दुसऱ्या कोणाच्या पायांवर ठेवलं असतं, तर माझे पुढचे सहा महिने सुखात गेले असते.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आम्ही सहा जणांनी खगोल मंडळ काढलं होतं. मंडळाची एकूण मालमत्ता एक वही. बेत साधा होता. दरवर्षी डिसेंबरच्या मध्यात मिथुन राशीकडून उल्कांचा वर्षाव होतो. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे सोडलेली धूळ पृथ्वीच्या वाटेत येते आणि आभाळ चांगलं असलं तर तासाला शंभराच्या वर उल्का दिसू शकतात. २०२३ साली अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले असणार होते, म्हणजे १४ डिसेंबरच्या रात्री चंद्राची अडचण नाही. आणि अंधाराच्या बाबतीत आमचं गाव स्वयंपूर्ण आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना अंधार बघायला गाडी करून लांब जावं लागतं, आमच्याकडे तो घरपोच येतो.

साठ मुलांसाठी खर्च काढला. ताडपत्रीचं भाडं ४०० रुपये, चहा ६००, तर्री-पोहे १२००, टॉर्चला लावायला लाल जिलेटिन ८०, किरकोळ २००. एकूण २४८० रुपये. कॉलेजच्या निवडणुकीत एका उमेदवाराने पाच हजारांपेक्षा जास्त खर्च करू नये, असं २००६ साली लिंगडोह समितीने म्हटलं होतं. आम्ही त्याच्या निम्म्यातच अख्खं आकाश दाखवणार होतो.

आता आमचा संघ. महाराष्ट्रात १९९४च्या कायद्याने कॉलेजातल्या निवडणुका गेल्या आणि वर्गात जो पहिला तो प्रतिनिधी, अशी रीत पडली. २०१६च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. २०१९मध्ये त्या होणार असं ठरलंही, पण विधानसभेची निवडणूक मध्ये आली आणि त्या पुढे गेल्या. त्यामुळे आमच्या संघात सगळे टॉपर. ज्यांनी आयुष्यात स्नेहसंमेलन बघितलं नाही, कारण तेव्हा ते अभ्यास करत होते, तेच स्नेहसंमेलनाचा पैसा वाटतात. संघाची सचिव माझ्याच वर्गातली. तिने माझा अर्ज वाचला आणि प्रॅक्टिकलची वही तपासावी तसा परत केला. वर समास सोडला नव्हता.

समास सोडून अर्ज ऑफिसात नेला. ऑफिसात मोठे बाबू बसतात. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तुकडोजी महाराजांचा फोटो आहे आणि काचेवर तीन शिक्के. त्यांनी अर्ज उलटा केला, मागचं कोरं पान वाचलं, मग सरळ केला.

“आवक घेतली काय?”

“नाही बाबूजी.”

“मंग हा कागुद माह्यापाशी आलाच नाई.”

आवक-जावक रजिस्टर शिपाई काकांकडे. शिपाई काका कापूस वेचायला. शेत त्यांचं, रजा त्यांची, आपण काय बोलणार? काका चौथ्या दिवशी आले, अर्जाला आवक क्रमांक मिळाला, आणि त्या दिवशी मला जन्माच्या दाखल्यावर नाव चढल्यासारखं वाटलं. त्यानंतर अर्ज विभागप्रमुखांकडे, तिथून संघाच्या प्रभारी सरांकडे, तिथून परत मोठ्या बाबूंकडे. आमच्या भागात शकुंतला रेल्वे होती, मूर्तिजापूर ते यवतमाळ, छोट्या रुळांवरची. तिच्या वेगावर लोक फार बोलायचे. पण शकुंतला एकाच दिशेने जायची, शेवटी यवतमाळला पोचायची. माझा अर्ज मूर्तिजापूरहून निघून मूर्तिजापूरलाच येत होता.

मग तीन कोटेशन लागतात असं कळलं. खरेदी दोन लाखांची असो की बाराशेची, तीन दुकानांचे दर, त्यांचा तुलनात्मक तक्ता, आणि सर्वांत कमी दरवाल्याला ऑर्डर. नियम चांगला आहे. अडचण एवढीच की आमच्या गावात तर्री-पोह्यांची गाडी एक आहे. बसस्टँडवर, पिंपळाखाली. मामांना विचारलं.

“तीन कायले पायजेत बे? पोहे तं एकच हायेत.”

“मामा, नियम आहे.”

“मंग मीच तीन लिवून देतो. एक माह्या नावानं, एक बायकोच्या, एक पोट्ट्याच्या.”

हे मला पटलं नाही. मी तेव्हा प्रामाणिक होतो. मी समोसेवाल्याकडून एक कोटेशन घेतलं आणि पानठेल्यावाल्या भाऊंकडून एक. मामांनी प्लेटचे वीस लिहिले, समोसेवाल्याने बावीस. पानठेल्यावाल्या भाऊंनी पंधरा लिहिले. मी म्हटलं, भाऊ, इतके कमी? ते म्हणाले, “मले कुठी बनवा लागते?” भाऊंचा हा हिशेब तेव्हा मला मजेशीर वाटला. सर्वांत कमी दरवाल्यालाच ऑर्डर जाते, हे मी त्या क्षणी विसरलो होतो.

दिवाळी झाली, सुट्या संपल्या आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निधी समितीची बैठक लागली. आमच्या आधी स्नेहसंमेलनाच्या डीजेचा विषय होता. आकडा मी सांगत नाही, पण त्यात आमचे पंचवीस-तीस उल्कावर्षाव झाले असते. तो विषय दोन मिनिटांत मंजूर झाला, कारण डीजे म्हणजे काय ते सर्वांना माहीत होतं आणि एवढ्या मोठ्या आकड्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती. मग २४८० रुपये आले. आता सगळ्यांना बोलता येत होतं.

“दुर्बीण कुठंय यात?” प्रभारी सरांनी विचारलं.

“सर, उल्का बघायला दुर्बीण लागत नाही. उघड्या डोळ्यांनीच बघायच्या असतात.”

सरांचा चेहरा पडला. “मग खर्च कशाचा? डोळे तर तुमचेच आहेत.”

दुसऱ्या एका सरांनी सौम्यपणे सुचवलं की अर्जात एक दुर्बीण टाका, वीसेक हजारांची. मंजूर करायला सोपं जाईल. हे ते गमतीने म्हणाले नव्हते. मी पुन्हा प्रामाणिकपणा केला आणि नको म्हटलं. बैठकीत एकदम शांतता पसरली. वीस हजार नको म्हणणारा माणूस अडीच हजार मागतो, म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे.

तेवढ्यात वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना यादीतली चौथी ओळ दिसली.

“जिलेटिन? कॉलेजात जिलेटिन कशाला?”

आमच्याकडे जिलेटिन म्हटलं की आधी विहिरीचा सुरुंग आठवतो. मी घाईघाईने सांगितलं की मॅडम, हा कागद आहे, टॉर्चला लावायचा लाल पारदर्शक कागद. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पांढरा उजेड पडला की सगळं मुसळ केरात, म्हणून. मॅडम शांत झाल्या, पण इतिवृत्तात ‘जिलेटिनबाबत सविस्तर चर्चा झाली’ असं वाक्य गेलं ते गेलंच. उद्या कोणी ती वही उघडली तर आम्ही कॉलेज उडवायला निघालो होतो असंच समजेल.

इथवर गोष्ट सावरली असती. मी ती स्वतःच्या हाताने बिघडवली. अर्जात ‘उपक्रमाचे स्थानिक महत्त्व’ असा एक रकाना होता. रकाना रिकामा कसा ठेवायचा, म्हणून मी लिहिलं होतं, ‘विदर्भाला उल्कांचा मोठा वारसा आहे. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापातामुळेच तयार झाले असून विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.’

प्राचार्यांनी हे वाक्य मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढला.

“म्हणजे हे जे पडणार आहे, ते...”

“नाही सर! या उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात. ऐंशी-शंभर किलोमीटर वरच जळून जातात.”

“पण लोणारला तर आली ना खाली?”

मी काय सांगणार? आली होती. वाक्य माझंच होतं. ठरलं असं की प्रत्येक मुलाच्या पालकांचं संमतीपत्र घ्यायचं, रात्रीच्या कार्यक्रमासाठी पोलीस स्टेशनला पत्र द्यायचं, मुलींसाठी एक मॅडम लागतील, आणि हे सगळं जोडून प्रस्ताव ‘पुढील बैठकीत’ ठेवायचा. पुढील बैठक जानेवारीत. सचिवेला मी विचारलं, अगं, तोवर उल्का निघून जातील. तिने इतिवृत्त लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, “पुढे ढकलता येत नाहीत का?”

१४ डिसेंबरच्या रात्री आम्ही सहा जण मित्राच्या काकांच्या शेतावर गेलो. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि थ्री-फेज रात्रीची होती, त्यामुळे काका तसेही जागेच होते. ताडपत्री त्यांचीच. रानडुकरांना हाकलायला पत्र्याचा डबा होता, तो दर अर्ध्या तासाने एक जण उठून वाजवायचा. एक वाजेपर्यंत वहीत एकशे चौदा रेघा झाल्या. एक उल्का तर इतकी लखलखीत गेली की काका हातातलं फावडं टाकून “अरे बाप्पा!” म्हणाले आणि वाफा फुटून पाणी शेजारच्या धुऱ्यावर गेलं. एकूण खर्च, चहापत्ती आणि साखर मिळून ६० रुपये. जिलेटिन घरच्या राखीच्या डब्यातून आणलं होतं.

या साठ रुपयांना कार्योत्तर मंजुरी मिळते का, असं मी सहज विचारलं. मोठ्या बाबूंनी दुकानाचं बिल मागितलं. मग स्वतःच म्हणाले, “राहू दे, पोट्ट्या. साठ रुपयांच्या फायलीले शंभराचा कागुद लागते.”

मी विषय सोडून दिला. विषयाने मला सोडलं नाही. १८ मार्च २०२४ला, सोमवारी, शिपाई काका मला शोधत थेट वर्गात आले. प्रस्ताव मंजूर झाला होता! पूर्ण २४८० रुपये. अट एकच, ३१ मार्चच्या आत कार्यक्रम घेऊन उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर निधी परत जाईल आणि पुढच्या वर्षी संघाचं बजेट कापलं जाईल. सचिव पहिल्यांदाच माझ्याशी गोड बोलली.

मी तिला सांगितलं की जानेवारीच्या सुरुवातीनंतर थेट २२ एप्रिलपर्यंत आकाशात मोठा उल्कावर्षाव नसतो. शिवाय २४ला होळी, म्हणजे पौर्णिमा. ती म्हणाली, “कार्यक्रम घ्यायचाय. उल्का पडल्याच पाहिजेत असं पत्रात लिहिलेलं नाही.” पत्र पुन्हा वाचलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.

त्यातच १६ तारखेला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. रात्री पोरं गोळा करायची नाहीत, बाहेर बॅनर नको, आणि बॅनरवर कोणाचा फोटो तर मुळीच नको, असं प्राचार्यांनी बजावलं. म्हणून आमचा उल्कावर्षाव २७ मार्चला सकाळी अकरा वाजता सभागृहात झाला. दारं-खिडक्या उघड्या, कारण उन्हाचा तडाखा. फोटोत उजेड हवा म्हणून ट्यूबलाइट चालू. साठ मुलांची हजेरी, दीपप्रज्वलन, आणि पडद्यावर प्रोजेक्टरने काळं आकाश, जे भर उजेडात पांढरं दिसत होतं. सतरंजीवर ताडपत्री अंथरली होती, कारण भाडं मंजूर होतं.

पंधरा मिनिटांत लाइन गेली. पंखे थांबले, पडदा विझला. मागून कोणीतरी ओरडलं, “सर, आता दिसून रायल्या!” तेवढीच काय ती दाद.

पोहे नियमाप्रमाणे पानठेल्यावाल्या भाऊंकडून आले. त्यांनी कच्चे पोहे आणले, वर तेल, तिखट, चिरलेला कांदा आणि शेंगदाणे. मी म्हटलं, भाऊ, हा तर कच्चा चिवडा. “यातबी पोहेच हायेत ना?” भाऊ म्हणाले. प्लेट पंधराची म्हणजे ९०० रुपये. मंजूर होते १२००, म्हणून तीनशे वाचले आणि ते वाचल्याचा खुलासा मला लेखी द्यावा लागला. दारात गाडीवाले मामा उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत होते. त्या दिवसापासून ते माझ्या प्लेटमध्ये तर्री कमी टाकतात असा माझा संशय आहे.

प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात गेलो. मोठ्या बाबूंनी तिन्ही शिक्के मारले, सही केली, फाईल बांधली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

“थे डिसेंबरात, वावरात, तुमाले खरंच दिसले काय रे?”

“एकशे चौदा, बाबूजी.”

त्यांनी थोडा वेळ पेनाचं टोपण घातलं-काढलं. “यंदा मलेबी सांगजो. नातवाले आणतो.” मग खुर्ची सरकवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं उलटत डिसेंबरला पोचले आणि चौदा तारखेवर बोट ठेवलं. “हे पाय, शनिवार हाये. अन् दत्तजयंतीबी हाये. लय चांगला दिवस हाये. अर्ज मात्र ऑगस्टातच देजो.”

दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्षातली पौर्णिमा. मी म्हटलं, देतो बाबूजी.