‘मेंदूविज्ञान मोठेपणी’ हा सल्ला मुलांच्या तोट्याचा आहे

शाळकरी मुलांना मेंदूविज्ञानाच्या नादी लावू नका, असं सांगणारा एक मजकूर पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात चार कारणं दिली आहेत: विषय त्या वयाला झेपत नाही, महागडी यंत्रं लागतात, तो डॉक्टर होणाऱ्यांच्याच कामाचा आहे आणि त्यापायी अभ्यास मागे पडतो. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. कारणं मात्र एकही टिकत नाही.

‘झेपत नाही.’ चेतापेशीतून संदेश पुढे सरकतो तो सोडियम आणि पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित कण) पेशीच्या पटलातून आत-बाहेर गेल्यामुळे आणि पटलाच्या दोन बाजूंमधलं विभवांतर बदलल्यामुळे. आयन म्हणजे काय आणि विभवांतर म्हणजे काय, हे मुलं माध्यमिक शाळेत शिकतातच. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी १९५२ साली या संदेशासाठी मांडलेली समीकरणं अवघड आहेत, ती कॉलेजात शिकता येतील. मूळ कल्पना शाळेतल्या विज्ञानाचीच आहे. आणि माध्यमिक विद्यार्थ्यांसाठीची ‘इंटरनॅशनल ब्रेन बी’ ही मेंदूविज्ञानाची स्पर्धा १९९८ पासून चालू आहे.

‘यंत्रं लागतात.’ याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण बरेच शिक्षक इथेच माघार घेतात. तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकाने ती वरच्या टोकाला उभी धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. न सांगता पट्टी सोडायची. ती २० सेंटिमीटरवर पकडली, तर मुक्त पतनाच्या सूत्राने वेळ येतो सुमारे ०.२ सेकंद. आता खरा प्रश्न विचारा: एवढा वेळ गेला कुठे? स्नायूंकडे जाणारे वेगवान चेतातंतू सेकंदाला ५० मीटरहून अधिक वेगाने संदेश नेतात, म्हणजे हाताची लांबी पार करायला सेकंदाचा पन्नासावा भागही पुरतो. उरलेला वेळ मुख्यतः दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा), मेंदू आणि स्नायू यांनी घेतलेला असतो. पुढे डोळे मिटून, पट्टी सोडताना खांद्याला हलका स्पर्श करून तोच प्रयोग करा. बहुतेकांची पट्टी लवकर पकडली जाते, कारण दृष्टिपटलात प्रकाशाचं संदेशात रूपांतर व्हायला जास्त वेळ लागतो. चेतातंतूतला वेग कधी मोजताच येणार नाही, असं जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांना वाटत होतं. त्यांच्याच विद्यार्थ्याने, हेल्महोल्ट्झ यांनी, १८५० साली बेडकाच्या चेतेवर तो मोजला. हे ऐकल्यावर वर्गातल्या मुलांना आपल्या हातातल्या पट्टीचं मोल कळतं.

मेंदूच्या आतलं चित्र घेणारं एमआरआय यंत्र शाळेत येणार नाही, हे मान्य. पण प्रश्न विचारायला ते लागत नाही.

‘डॉक्टरांसाठीच.’ मेंदूत जागेचं भान कसं राहतं, या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. जॉन ओ’कीफ, मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर या तिघांपैकी कोणीही वैद्यकीय डॉक्टर नाही. तिघेही मानसशास्त्राच्या वाटेने मेंदूकडे आले. गणित आणि संगणकाची आवड असलेल्यांनाही या क्षेत्रात भरपूर काम आहे.

‘अभ्यास मागे पडतो.’ मला हा मुद्दा सर्वांत जास्त खटकतो. वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिलं तर ते जास्त दिवस टिकतं, झोपेत स्मृती पक्की होते, आणि किशोरवयात शरीराचं झोपेचं घड्याळच उशिराकडे सरकतं, हे सगळं ज्याला कळलं तो परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याआधी विचार करेल. शिवाय मेंदूबद्दल मुलांच्या कानावर काही ना काही पडतच असतं. ‘आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो’ हे त्यांनी ऐकलेलं असतंच. वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराची जवळजवळ २० टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के निकामी असता तर शरीराने एवढा खर्च सोसला नसता. असं उत्तर देणारं कोणीतरी मुलांजवळ हवं.

त्या मजकुरातली एक भीती मात्र मला पटते: आणखी एक क्लास, आणखी पाठांतर. मेंदूच्या भागांची यादी घोकून घेतली तर गोडी पहिल्या आठवड्यातच मरेल. म्हणून वेगळा तास काढूच नये. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात पट्टी घ्या. डोळ्याच्या धड्यात कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका काढून डावा डोळा मिटा, फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणा आणि ठिपका कधी दिसेनासा होतो ते प्रत्येकाला मोजू द्या.