पडलेलं पिल्लू घरी नेऊ नका: व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्याला उत्तर

उन्हाळा लागला की तळहातावरच्या पिल्लाच्या फोटोसह एक मजकूर फिरू लागतो: ‘घरट्यातून पडलेलं पिल्लू दिसलं तर लगेच घरी आणा. माणसाचा हात लागला की आई त्याला घेत नाही. ड्रॉपरने दूध किंवा ग्लुकोजचं पाणी पाजा, दुधात भिजवलेला पाव भरवा, कापसात ठेवा. उडायला लागलं की सोडून द्या.’ पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य पिल्लाच्या जिवावर बेतणारं आहे.

‘लगेच घरी आणा.’

आधी पिल्लू पडलंय की स्वतःहून बाहेर आलंय ते बघा. अंगभर पिसं, आखूड शेपटी, बोटावर ठेवलं तर घट्ट पकड आणि टुणटुण उड्या, असं असेल तर ते पडलेलं नाही. बुलबुलाची पिल्लं साधारण बारा-तेरा दिवसांची झाली की नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि काही दिवस झुडपात नाहीतर कुंडीमागे बसून काढतात. आई-बाप तिथेच येऊन भरवतात, फक्त तुम्ही शेजारी उभे असेपर्यंत येत नाहीत. म्हणून ते पोरकं वाटतं. मांजराची किंवा गाड्यांची भीती असेल तर उचलून लगतच्या दाट झुडपात ठेवा आणि मांजराला दोन-तीन दिवस घरात कोंडा. टिटवीची पिल्लं तर अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि धोका दिसला की मातीला चिकटून निपचित पडतात. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत असेल तर तिथून निघून जाणं हीच मदत.

डोळे मिटलेले, अंग उघडं किंवा पिसांच्या नुसत्या नळ्या फुटलेल्या, असं पिल्लू मात्र खरंच पडलेलं असतं. त्याला घरट्यातच परत ठेवायचं.

‘माणसाचा हात लागला की आई घेत नाही.’

कितीतरी पिल्लं या एका समजुतीने आई-बापांपासून तुटतात. आपल्या अंगणातले पक्षी पिल्लाला वासावरून टाकून देत नाहीत. त्याची आर्त हाक आणि उघडलेली चोच दिसली की भरवायला येतात. सस्तन प्राण्यांतही ही समजूत सरसकट खरी नाही. जुन्नर आणि नाशिक भागात ऊसतोडणीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडतात. वनविभागाची माणसं त्यांना तपासून संध्याकाळी त्याच शेतात टोपलीत किंवा क्रेटमध्ये ठेवतात, आणि रात्री मादी येऊन त्यांना तोंडात धरून नेते. हे कॅमेऱ्यांत अनेकदा टिपलं गेलं आहे. माणसांनी हाताळलेले बछडे ती नेते, तर बुलबुलाच्या पिल्लाची काळजी नको.

घरटंच मोडलं असेल तर नवं करून द्या. नारळाची करवंटी किंवा दहा-बारा सेंटिमीटर रुंदीची टोपली घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा, नाहीतर वळवाच्या पहिल्या सरीत पिल्लं बुडतील. आत वाळलेलं गवत वाटीसारखं दाबून बसवा. जुन्या घरट्याच्या शक्य तितकं जवळ, दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी, हलणार नाही असं सुतळीने बांधा. पिल्लू गार पडलं असेल तर आधी ओंजळीत धरून ऊब द्या, कारण गार पिल्लू चोच उघडत नाही आणि चोच उघडली नाही तर आई भरवत नाही. मग पंधरा-वीस पावलं लांब, शक्यतो खिडकीआडून, तासभर बघत राहा.

‘दूध पाजा, पाव भरवा.’

पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. हगवण लागते, आणि एवढ्याशा जीवाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं. पारव्याची पिल्लं ‘दूध’ पितात ते आई-बापांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होतं, त्याचा गाईच्या दुधाशी संबंध नाही. पावाने पोट भरतं, पण वाढ होत नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा लहान पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते.

पाणी त्याहून घातक. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी उघडतं. ड्रॉपरमधला थेंब सरळ तिथे उतरतो, आणि पिल्लू लगेच गुदमरतं किंवा दोन दिवसांनी न्यूमोनियाने जातं. घरट्यात त्याला पाणी अन्नातूनच मिळतं.

‘कापसात ठेवा.’ कापसाचे धागे नखांत आणि बोटांभोवती गुंडाळून रक्तपुरवठा तोडतात. नुसत्या गुळगुळीत वर्तमानपत्रावरही ठेवू नका, पाय फाकतात.

‘उडायला लागलं की सोडा.’ उडणं म्हणजे जगणं नव्हे. हाताने वाढलेल्या पिल्लाला किडा कसा पकडावा, शिक्रा आला की कुठे लपावं हे कोणी शिकवलेलं नसतं, आणि माणसाची भीतीही गेलेली असते. शिवाय रानपक्षी घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

रक्त येत असेल, पंख लोंबत असेल किंवा पिल्लू मांजराच्या तोंडातून सुटलं असेल, तरच ते उचलून न्यायचं. मांजराच्या दातांची जखम पिसांखाली दिसत नाही, पण मांजराच्या लाळेतले जंतू एक-दोन दिवसांत मारतात. प्रतिजैविक त्याच दिवशी लागतं. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. मदत मिळेपर्यंत भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत सुती कापड, अर्ध्या तळाखाली फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. झाकण बंद, खोली शांत, तोंडात काही घालायचं नाही. आणि पिल्लू नेमकं कुठल्या झाडाखाली, किती वाजता सापडलं ते खोक्यावर लिहा. बरं झाल्यावर त्याला तिथेच सोडायचं असतं.