पाचव्या पावाचं व्याकरण

पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला राहायला आलो त्याला आता दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत, एक शनिवार सोडला तर, मी एका वेळी चारपेक्षा जास्त पाव आणलेले नाहीत. पैशाची अडचण नाही, डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं नाही. अडचण व्याकरणाची आहे.

पोलंडमध्ये नाश्त्याला जो मूठभर आकाराचा गोल पाव खातात, त्याला बुव्का म्हणतात. आमच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. काउंटरमागे साठीच्या एक बाई असतात. चेहरा आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखा, म्हणजे उत्तर चुकणार हे त्यांना आधीच ठाऊक. त्यांच्यासमोर उभं राहून एकच वाक्य म्हणायचं असतं : 'पोप्रोशे', आणि पुढे किती पाव ते. पोप्रोशे म्हणजे शब्दशः 'मी विनंती करीन'. पावासाठी भविष्यकाळात विनंती करणारे हे लोक. इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

एक पाव हवा तर 'येदनों बुव्के'. बुव्का नव्हे, बुव्के, कारण आता ती कर्म झाली. दोन हव्या तर 'द्व्ये बुव्की'. हे ऐकून मला भरून आलं. द्व्ये! आपल्या संस्कृतमधलं स्त्रीलिंगी 'द्वे' जसंच्या तसं काउंटरवर उभं. दहावीला संस्कृत घेतल्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला, म्हणून त्या दिवशी दोनच्या जागी तीन घेतल्या. तीन : 'त्शी बुव्की'. चार : 'च्तेरी बुव्की'. वा! म्हटलं, सुटलो.

मग एका शनिवारी पाच मागितल्या. 'प्येंच बुव्की.'

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रांगेनं माझ्याकडे पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ''बुवेक.'' आणि पाच पाव पिशवीत घातले. मला वाटलं, हा पावाचा दुसरा प्रकार असावा. घरी येऊन पिशवी उघडली तर त्याच बुव्क्या.

पोलिशमध्ये दोन, तीन, चार यांच्यापुढे साधं अनेकवचन येतं. पाचपासून षष्ठी. म्हणजे 'पाच पाव' नाही, 'पावांचे पाच'. जुन्या काळी पाचपासूनचे आकडे विशेषणं नव्हते, नामं होती, आपण 'पंचक' म्हणतो तशी. पावांचं पंचक. मला जे लागलं ते हेच. बरं, हे पंचक एकवचनी, त्यामुळे क्रियापदही एकवचनात आणि भूतकाळात तर चक्क नपुंसकलिंगी. 'पाच बायका आल्या' असं म्हणायचं नाही. 'प्येंच कोब्येत प्शिश्वो', म्हणजे पाच बायकांचं आलं! आमच्या कोल्हापुरात असं कुणी बोललं, तर त्या पाचजणी मिळून त्याचं काय करतील, सांगता येत नाही.

गंमत इथे संपत नाही. बारा, तेरा, चौदा षष्ठीतच. पण बावीस, तेवीस, चोवीस पुन्हा साधे, कारण शेवटी दोन, तीन, चार आले. म्हणजे बावीस पाव मागायला सोपे आणि बारा अवघड. एकदा मनात आलंही होतं की सरळ बावीस घ्यावेत. पण बायकोला काय सांगणार? 'व्याकरण सोपं पडलं' म्हणून?

शेवटी पोलिशचा वर्ग लावला. आठवड्यातून दोन संध्याकाळी. पहिल्याच दिवशी वर्गाच्या बाईंनी फळ्यावर सात विभक्ती लिहिल्या. मी मनात म्हटलं, सात? आम्ही संबोधन धरून आठ पाठ केल्यात. स-ला-ते, स-ला-ना-ते, पंचमी ऊन-हून, सप्तमी त-ई-आ. अहो, याच गाण्यावर वाढलो आम्ही. माझ्या शेजारी बसणाऱ्या युक्रेनी मुलीनं तर वहीसुद्धा उघडली नाही. तिच्या भाषेतही पाचाला असंच होतं म्हणे.

बाईंनी बुव्काच चालवायला घेतली. बुव्का, बुव्की, बुव्त्से, बुव्के, बुव्कों, पुन्हा बुव्त्से. आणि शेवटी संबोधन : बुव्को! हे पावा! मी विचारलं, पावाला हाक मारायचा प्रसंग केव्हा येतो? बाई म्हणाल्या, ''कवितेत.'' शाळेत 'हे वन' म्हणताना मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि तेव्हा उत्तराऐवजी पट्टी मिळाली होती. एवढी प्रगती म्हणायची.

बाई धीर द्यायच्या. म्हणायच्या, काही अवघड नाही, 'बुव्का झ् मास्वेम'. म्हणजे लोणी लावलेला पाव. आपण 'डाव्या हाताचा मळ' म्हणतो तिथे हे लोक लोणीपाव म्हणतात. पण त्यातही पाहा, लोणी म्हणजे मास्वो, ते 'सह' आलं की मास्वेम. सोपं आहे हे सांगायलासुद्धा तृतीया लागते.

सजीव-निर्जीवाचा धडा आला तेव्हा तर मी चहाला बाहेर पडणार होतो. पुल्लिंगी कर्म सजीव असेल तर त्याचं रूप बदलतं, निर्जीव असेल तर तसंच राहतं. ठीक. मांजर सजीव, टेबल निर्जीव. पण बोलताना टोमॅटो खाल्ला तर तो सजीव. सिगारेट सजीव. आणि 'त्रूप' म्हणजे प्रेत, तेही सजीव! ब्रेड मात्र मेलेला. मी बाईंना विचारलं, प्रेत जिवंत कसं? बाई म्हणाल्या, ''ताक पो प्रोस्तु येस्त.'' असंच आहे.

ताक म्हणजे 'हो', हे सांगायचं राहिलं. आल्या आल्या मला वाटलं होतं, या देशात लोक एकमेकांना सारखं ताक देऊ करतात. त्यातून पुरुषाला म्हणायचं पान आणि बाईला पानी. टपालाच्या रांगेत दर दोन मिनिटांनी कुणीतरी 'प्रोशे पानी' म्हणायचं आणि मी कूलर शोधायचो. 'नो' म्हणजे 'हो ना'. घर भाड्यानं घेताना मालक फोनवर 'नो, नो, नो' म्हणाले, मी निराश होऊन फोन ठेवला. ते घर देत होते.

नंतर 'मी कुठला' हे सांगायचा धडा झाला. मी उठून म्हणालो, मी कोल्हापूर. नाही. 'स् कोल्हापुरू', कोल्हापूरहून. आणि कोल्हापुरात म्हणायचं तर 'फ् कोल्हापुझे'. कोल्हापुझे! आमच्या रांगड्या गावाचं असं नाजूक काहीतरी झालेलं ऐकून मला रंकाळ्याची आठवण आली. पण बाई जराही अडखळल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे नाव पोलिश लोकांच्या तोंडी जुनं आहे. खरंच की. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत युनियनमध्ये हद्दपार झालेले पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे आमच्याकडे आले होते. 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार माणसं राहिली. शाळा होती, चर्च होतं. म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधी पोलिश पोरांनी पंचगंगेकाठी कोल्हापूर चालवून ठेवलं होतं, सातही विभक्तींत.

मग बाईंनी सहज विचारलं, ''तुमच्याकडे 'कोल्हापुरात' कसं म्हणतात?''

''कोल्हापुरात.''

त्यांनी ते फळ्यावर लॅटिन अक्षरांत उतरवून घेतलं. मी दोनदा म्हणून दाखवलं. त्यांचा कान तयार. म्हणाल्या, 'पू' लांब होता, तो आखूड का झाला? मी म्हटलं, त्याला सामान्यरूप म्हणतात. मग 'पाणी' विचारलं. पाणी, पाण्यात. 'घोडा'? घोडा, घोड्याला. ''हा 'या' कुठून आला?'' मला काय माहीत कुठून आला! आजन्म मी घोड्याला घोडाला म्हटलेलं नाही आणि त्याबद्दल कधी विचारही केलेला नाही.

त्यात मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. त्या आठवड्यात संख्यांचा धडा होता. 'दोन' या एका आकड्याची रूपं बाईंनी फळाभर लिहिली होती. कुत्रे दोन तर द्वा, पाव दोन तर द्व्ये, दोन पुरुष द्वाय, एक बाई एक पुरुष मिळून द्वोये. मी हात वर करून म्हणालो, हे आमच्यातही आहे! दोघे, दोघी, दोघं! द्वोये म्हणजे आमचं दोघं! बाई खूश. युक्रेनी मुलीनं पहिल्यांदा वही उघडली.

''आणि तीन?''

''तिघे.''

''चार?''

''चौघे.''

''पाच?''

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पाच... पाचजण. पाघे नाही, पंचघे नाही. चारपर्यंत एक तऱ्हा आणि पाचापासून दुसरी.

''का?'' बाईंनी विचारलं.

''ताक पो प्रोस्तु येस्त,'' मी म्हणालो. वर्गातलं माझं पहिलं बिनचूक वाक्य.

गेल्या शनिवारी ऑफिसातली चार पोलिश माणसं जेवायला यायची होती. बायकोनं मिसळीचा घाट घातला. बारा पाव लागणार. बारा! मी घरापासून बेकरीपर्यंत पुटपुटत गेलो, 'पोप्रोशे द्वानाश्चे बुवेक, पोप्रोशे द्वानाश्चे बुवेक'. समोरून येणाऱ्या आजीबाई फुटपाथ बदलून गेल्या. रांगेत सहा माणसं होती, प्रत्येकाला मी मनातल्या मनात षष्ठीत मोजलं.

माझा नंबर आला. मी म्हणालो. सगळं. श्वास न घेता, एकही विभक्ती न सांडता.

बाईंच्या भुवया वर गेल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांनी मागे वळून परडीत पाहिलं आणि म्हणाल्या, ''सों तिल्को च्तेरी.''

चारच उरलेत.

चार बुव्की घेऊन घरी आलो. बायकोनं काही न बोलता कणीक मळली आणि आठ पोळ्या लाटल्या. ती अशीच. व्याकरण न शिकता बोटं दाखवून ती याच बेकरीतून हवे तेवढे पाव आणते, आणि त्या बाई तिला वर एक गोड पाव देतात.

आमचे चिरंजीव पाच वर्षांचे आहेत आणि इथल्या बालवाडीत जातात. मी चुकलो की लोकांदेखत दुरुस्त करतात. पाहुणे दारात आले तेव्हा बातमी द्यायला तेच पुढे धावले. आता पोळी हा शब्द पोलिशमध्ये नाही. इथल्या पोरांना प्रत्येक गोष्टीला 'का' लावायची सवय, तेव्हा चिरंजीवांनी पोळीची पोल्का केली. आठ म्हणजे पाचाच्या वर. त्यामुळे नियमाप्रमाणे, बाप दोन वर्षं अडखळला त्या जागी जराही न अडखळता त्यांनी ठणकावून सांगितलं : ''मामा झ्रोबिवा ओशेम पोलेक!''

व्याकरण निर्दोष. फक्त पोल्का म्हणजे पोलिश बाई. आईनं आठ पोलिश बायका केल्यात.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्यातला एकजण बूट काढून हळूच पुढे गेला आणि त्यानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं.