आधी यंत्र घ्या, विद्यार्थ्यांचं मग बघू

पदवीच्या मुलांसाठी जीनोमिक्सची, म्हणजे जीवाचा सगळा डीएनए (त्याचा जीनोम) वाचण्याची, प्रयोगशाळा उभारताय? उत्तम. फक्त मुलं तिथे नेमकं काय करणार, हा विषय बैठकीत निघू देऊ नका. कुणीतरी बोलून जातं, ‘मातीतले जिवाणू ओळखायला शिकवू’, आणि लगेच लक्षात येतं की त्याला डीएनएच्या भरमसाट प्रती काढणारी दोन पीसीआर यंत्रं, त्या प्रती पट्ट्यांच्या रूपात दाखवणारे जेलचे चार संच आणि थेंब मोजून घ्यायला भरपूर पिपेट पुरतात. मग उद्घाटनाला पाहुण्यांना दाखवायचं काय? पिपेट?

तेव्हा सिक्वेन्सर घ्या, आणि मोठा घ्या. एका रनमध्ये अब्जावधी बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, वाचणारा. वर्गाला वाचायचाय तो फाय-एक्स १७४ या विषाणूचा जेमतेम ५,३८६ बेसचा जीनोम, जो १९७७ सालीच फ्रेडरिक सँगर या शास्त्रज्ञाच्या गटाने जेलवरच्या पट्ट्या वाचून लावला होता, तरी बिघडत नाही. मुंगी मारायला तोफ असली की तोफ तरी दिसते.

तळहातावर मावणारा, लॅपटॉपला जोडायचा नॅनोपोर सिक्वेन्सर कुणी सुचवेल. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो कसा काढणार, एवढंच विचारा. घ्यावाच लागला, तर त्यात घालायचे फ्लो सेल, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या बदलत्या चकत्या, वर्षभराचे एकदम मागवा. त्यातली छिद्रं प्रथिनांची असतात आणि फ्रीजमध्ये ठेवूनही त्यांचं आयुष्य आठवड्यांत मोजतात. पार्सल ऐन सुट्टीत पोचेल अशी तजवीज केलीत, तर वापरण्याची कटकटही उरत नाही.

स्पेसिफिकेशन स्वतः लिहू नका. विक्रेत्याचा माणूस आनंदाने लिहून देतो, आणि इतकं नेमकं लिहितो की जगात एकच यंत्र त्यात बसतं. रिएजंट, म्हणजे यंत्राला लागणारी रसायनं, फक्त त्याच कंपनीची चालतात का, हे विचारणं असभ्यपणाचं. पहिलं किट फुकट मिळतंय ना? दुसऱ्या किटचं पुढच्या वर्षीचे विभागप्रमुख बघतील. देखभालीचा करारही त्यांच्याच गळ्यात.

आता फ्रीझर. इथे मात्र मन लावून चूक करा. घरी असतो तसा फ्रॉस्ट-फ्री घ्या. त्यात बर्फ साचत नाही, कारण तो अधूनमधून स्वतःला थोडा गरम करून घेतो. उणे २० वर निवांत पडून राहायला हवीत अशी एन्झाइम त्या प्रत्येक फेरीला थोडी थोडी खचतात. वरून काहीच दिसत नाही. सहा महिन्यांनी पीसीआरला एकही पट्टी उमटली नाही, की ‘तुमचा हात थरथरतो’ असं मुलांना सांगता येतं. पिपेट कधीच कॅलिब्रेट केले नसतील तर हे आणखी पटतं.

डेटा ठेवायचा कुठे, त्याचं विश्लेषण शिकवणार कोण, यंत्र रोज सांभाळणार कोण, यूपीएस आहे का, हे प्रश्न एका दमात ‘फेज टू’मध्ये ढकला. फेज टू हा फार सोयीचा कप्पा आहे. त्यात गेलेलं परत वर आलेलं मी तरी पाहिलं नाही.

मुलांना यंत्र दाखवा, पण काचेआडून. पदवीच्या पोरांच्या हाती महागडं काही देऊ नये, हे तर सर्वमान्यच. हडसन फ्रीझ नावाचा असाच एक पदवीचा विद्यार्थी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांच्याबरोबर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांतले जिवाणू वाढवत बसला होता. त्यांपैकी थर्मस अ‍ॅक्वाटिकसचं वर्णन दोघांनी १९६९ साली छापलं. पुढे त्याच जिवाणूच्या, उष्णतेतही टिकणाऱ्या टॅक एन्झाइमने पीसीआरला जगभर नेलं. वेळीच कुणी त्याला काचेआड उभं केलं नाही, त्याला आता इलाज नाही.

ते टॅक तुमच्याकडेही आहे. किट आलं त्या दिवसापासून, सील न तोडता, त्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये. किल्ली सरांकडे असते. सर आज खरेदी समितीच्या बैठकीला गेलेत, दुसरा सिक्वेन्सर घ्यायचाय.