‘सर्टिफिकेटने संडास स्वच्छ होत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. चाकणला कंपनीचं अ‍ॅडमिन तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळलंय, तेव्हा तुमच्या शब्दाला वजन आहेच. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: आमच्या हाऊसकीपिंग फर्मला आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मिळालं यावरचा माझा लेख म्हणजे फुशारकी आणि कन्सल्टंटची जाहिरात. पैसे टाकले की आठवड्यात तो कागद फ्रेम होऊन येतो. त्याने ना संडास स्वच्छ होतो, ना झाडणाऱ्या बाईचा पगार वाढतो.

आठवड्यात येणारे कागद बाजारात आहेत, कबूल. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, फक्त मानक प्रसिद्ध करते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्यांना मान्यता देणारी मंडळं आणखी वेगळी. आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं एनएबीसीबी, ब्रिटनमध्ये युकेएएस. अशा कुठल्याच मंडळाची मान्यता नसेल तर तो कागद खुशाल रद्दीत घाला. पण अस्सल प्रमाणपत्रातही एक गोम असते, ती म्हणजे स्कोपची ओळ, प्रमाणपत्र कुठल्या कामाला आणि जागेला लागू आहे ते सांगणारी. तिथे नुसता हेड ऑफिसचा पत्ता असेल तर तपासल्या त्या फायली, साइट नव्हे. टेंडर उघडताना ही ओळ वाचणारा अ‍ॅडमिनवाला मला क्वचितच भेटलाय.

आता संडासाबद्दल. आयएसओ ९००१ फरशी किती चकचकीत हे मोजतच नाही. तुम्ही जे करतो म्हणता ते खरंच करता का, आणि नाही केलं तर पुढे काय करता, एवढंच ते विचारतं. ऐकायला पोकळ वाटतं. पण ऑडिटर सुपरवायझरला बाजूला उभं करून थेट मावशींना विचारतो, “या स्प्रे बाटलीत काय आहे?” बाटलीवर लेबल नसतं तेव्हा तिथेच सगळं उघडं पडतं. आर-सिक्ससारखं कमोडचं आम्लवालं केमिकल आणि हायपो, म्हणजे ब्लीच, एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. खिडकी नसलेल्या टॉयलेटमध्ये हे जिवावर बेतू शकतं. लेबलं, डायल्युशनचा मराठी-हिंदी तक्ता, टॉयलेटला लाल फडकं आणि पँट्रीला हिरवं, हे सगळं ऑडिटच्या धाकाने लागलं असं म्हणालात तरी चालेल. नेहमीच्या मावशी सुट्टीवर गेल्या की आलेल्या बदली बाईला कुणी काही शिकवलेलं नसतं. निदान फडक्याचा रंग तरी ती ओळखते.

दाराआडचा सह्यांचा तक्ता तर तुम्हीही पाहिला असेल. सकाळी अकरालाच संध्याकाळी पाचपर्यंतच्या सह्या! पूर्वी यावर एकच उपाय असायचा, बाईला झापायचं. मानक मात्र कारण शोधून लिहायला लावतं. तीन मजल्यांची टॉयलेटं एकाच बाईकडे आणि दर तासाला राउंड, हे चालून तरी जमेल का? एका साइटवर आम्ही हे लेखी मांडलं. क्लायंटने माणूस वाढवला नाही, पण राउंड दोन तासांवर आला आणि करारातही तसा बदल झाला. तिथल्या सह्या आता खऱ्या असतात.

पगाराबद्दल तुमचं बरोबर आहे. आयएसओ ९००१ मध्ये मजुरीचं कलमच नाही. सफाई व्यवसायासाठी खास बेतलेलं मानक म्हणजे अमेरिकेतल्या इस्सा या संघटनेचं सिम्स. त्यात मनुष्यबळाला स्वतंत्र विभाग आहे, पण आपल्याकडच्या टेंडरमध्ये ते कुणी मागत नाही. मागतात ते आयएसओ, आणि ते सगळ्यांनी जोडलं की काम जातं एल-वनला, म्हणजे सर्वात कमी दर भरणाऱ्याला. तेव्हा पगार ठरतो तो रेटशीटवर. आठवड्याचे सातही दिवस चालणाऱ्या जागेला साप्ताहिक सुट्टीपोटी मजुरीच्या एक षष्ठांश रिलिव्हर चार्ज, म्हणजे बदली माणसाचा खर्च, लागतो. दर खाली आणायचा म्हटलं की पहिली कात्री त्यालाच. मग मावशी सुट्टीच्या दिवशीही कामावर, किंवा शेजारच्या मजल्यावरची बाई दोन माणसांचं काम ओढते. ही कात्री लावताना ठेकेदारासमोर कोण बसलेलं असतं, सर? ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मुख्य मालकाला, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीला, द्यावी लागेल, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. तरीही वाटाघाटीत आमच्याकडून वर आणखी सूट मागितली जायची आणि ती दोन्हीकडून सही होऊन फाइलला लागायची.

तुमच्या सोसायटीत नवी एजन्सी नेमायची असेल तर आयएसओची झेरॉक्स बाजूला ठेवा. मागच्या महिन्याचा पीएफचा ईसीआर, म्हणजे कुणाकुणाचा पीएफ भरला त्याचं नावनिशीवार विवरण, मागा आणि त्यातली नावं त्यांच्या चालू साइटवरच्या हजेरीशी ताडून बघा. आमच्याकडेही मागा.

आणि कन्सल्टंटचं म्हणाल तर त्याने दिलेल्या मॅन्युअलमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाच्या फौंड्रीचं नाव तसंच राहिलं होतं. जाहिरात करावी असं त्याच्याकडे काही नाही.